प्रतिनायकाच्या स्थानी भाऊ : ऐतिहासिक कादंबरीपुढील एक नैतिक पेच

ऐतिहासिक कादंबरीतील प्रतिनायक बहुधा परका असतो. त्याचा प्रदेश, धर्म किंवा निष्ठा वेगळी असते आणि त्या वेगळेपणात नायकाच्या शस्त्राला आयते समर्थन मिळते. प्रतिनायकाच्या स्थानी सख्खा भाऊ आला की हा आधार ढासळतो. भावाचा हक्क नायकाच्या हक्काइतकाच खरा असतो आणि आकांक्षाही पुष्कळदा तीच असते. मग नायकाला नायकपण कशाने येते?

शाहजहानच्या पुत्रांमधील वारसायुद्ध या प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. दारा, शुजा, औरंगजेब आणि मुराद हे चौघेही मुमताजमहलचे पुत्र. १६५७ मध्ये बादशहाच्या आजारपणाने संघर्षाला तोंड फुटले आणि १६६१ पर्यंत दारा व मुराद मारले गेले, तर शुजा आराकानात परागंदा झाला. या इतिहासावर ना. सं. इनामदारांनी औरंगजेबाला केंद्रस्थानी ठेवून 'शहेनशहा' लिहिली. श्यामल गंगोपाध्याय यांच्या 'शाहजादा दाराशुको' या बंगाली कादंबरीत दारा केंद्रस्थानी आहे. तिला १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. केंद्र बदलले की प्रतिनायकही बदलतो. यावरून प्रतिनायकत्व हा केवळ कथनाच्या रचनेचा परिणाम आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो.

या निष्कर्षाला एका ऐतिहासिक युक्तिवादाचेही बळ मिळते. मोगलांत ज्येष्ठाधिकाराचा निश्चित नियम नव्हता. राजपुत्रापुढे तख्त किंवा तिरडी एवढेच पर्याय होते. तेव्हा दोष व्यवस्थेचा, व्यक्तीचा नव्हे. हा युक्तिवाद युद्धाचा उलगडा करतो. बंदिवान भावाच्या वधापाशी मात्र तो अपुरा पडतो. १६५९ मध्ये दाराला मृत्युदंड देताना त्याच्यावर धर्मभ्रष्टतेचा ठपका ठेवण्यात आला. मुराद आरंभी औरंगजेबाचा सहकारी होता. १६५८ मध्ये तो कैद झाला आणि पुढे ग्वाल्हेरच्या किल्ल्यात, त्याने पूर्वी केलेल्या अली नकीच्या हत्येचा बदला म्हणून, शरीयतच्या न्यायाने मारला गेला. खुद्द शाहजहानच्या ताब्यात असताना १६२२ मध्ये बुऱ्हाणपूर येथे त्याचा भाऊ खुस्रौ मरण पावला, तेव्हाही आजाराचेच कारण जाहीर झाले होते.

व्यवस्थेचा नियम पुरेसा असता, तर या आवरणांची गरज का भासावी? परक्या शत्रूच्या वधाला असे निमित्त शोधावे लागत नाही. निमित्त शोधावे लागते याचाच अर्थ भ्रातृत्वाचा दावा अद्याप जिवंत आहे, निदान इतरांच्या दृष्टीने तरी. आणि त्याला उत्तर देणे विजेत्याला अपरिहार्य वाटते.

कादंबरीकाराची कसोटी या ठिकाणी लागते. भावाला दुष्ट रंगविले की नायक निर्दोष सुटतो. सारे व्यवस्थेवर ढकलले की सर्वच सुटतात. दोन्ही वाटा निर्णयाचा क्षण पुसून टाकतात. ज्या कादंबरीत ठपका आणि खरे कारण यांमधील अंतर वाचकाला दिसत राहते, तिथेच हा क्षण शिल्लक उरतो. अशा कादंबरीत प्रतिनायक बंधू नायकाच्या मार्गातील अडथळा एवढाच राहत नाही. नायकाच्या कृतीचा तो साक्षीदार होतो, आणि त्याच्या मृत्यूनंतरही ती साक्ष संपत नाही.