सत्कर्माला सत्कर्म कोण ठरवते?

तत्त्वज्ञान हा शब्द ऐकताच आपल्या घरांतून बहुधा एकच शंका निघते: याने ईमान तर डळमळणार नाही? वस्तुतः चांगले काय, वाईट काय आणि ते तसे का, हा नीतिशास्त्राचा मूळ प्रश्न आपल्या विद्वानांनी शतकानुशतके चर्चिला आहे. तो समजण्यास मक्केतील एक घटना पुरेशी आहे.

आदरणीय प्रेषित (स.) यांना प्रेषितत्व लाभण्यापूर्वीची ही गोष्ट. यमनमधील जबीदच्या एका व्यापाऱ्याचा माल आस बिन वाइल या कुरैशी सरदाराने घेतला आणि किंमत बुडवली. परक्याची दाद कोण घेणार? त्याने अबू कुबैस टेकडीवरून आक्रोश केला. तेव्हा काही घराणी अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमली आणि पीडित कोणीही असो, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण त्याच्या बाजूने उभे राहू, अशी शपथ त्यांनी घेतली. हाच 'हिल्फुल फुजूल'. तरुण वयात प्रेषित (स.) त्यात उपस्थित होते. अशा कराराकडे आजही बोलावले तर मी जाईन, या आशयाचे उद्गार त्यांनी पुढे इस्लामच्या काळातही काढले.

कुरआन अद्याप अवतरला नव्हता. तरी अन्याय हा अन्याय आहे, हे त्या लोकांना कसे कळले?

मुअतजिला म्हणत, कृतीतील चांगुलपणा बुद्धी स्वतःच जाणते. अशअरी विद्वानांनी हरकत घेतली: एखादी गोष्ट हितकर की अहितकर हे बुद्धी सांगेल, परंतु अल्लाहपाशी कशाचे पुण्य आणि कशाची शिक्षा, हे केवळ शरीअतच सांगू शकते. मातुरीदी विद्वान मधल्या वाटेने गेले: बुद्धी बऱ्यावाइटाची ओळख करून देते, हुकूम मात्र अल्लाहचाच. हा वाद आपल्याला परका नाही. कोकणातील शाफई घरे अशअरी परंपरेशी, तर हनफी घरे मातुरीदी परंपरेशी जोडलेली आहेत.

अल्लाहने मानवी आत्म्याला दुराचार आणि सदाचार यांची जाण दिली, असे कुरआन सांगतो (९१:८). तो न्यायाचा आदेश देतो (१६:९०), तेव्हा ऐकणाऱ्याला न्यायाची काही ओळख आहे, हे त्यात गृहीत दिसते.

मग वह्यीची गरज काय? आस बिन वाइलकडेच पाहा. त्याचा माल कोणी लुबाडला असता, तर तो अन्याय त्याला तत्क्षणी कळला असता. उणीव ज्ञानाची नव्हती. स्वार्थापुढे ते ज्ञान टिकले नाही. म्हणूनच मिस्कवैह (मृत्यू १०३०) यांनी 'तहजीबुल अखलाक'मध्ये स्वभावाच्या संस्कारावर भर दिला. इमाम गझाली (१०५८–११११) यांनी तत्त्ववेत्त्यांच्या काही मतांचे कठोर खंडन केले, पण तर्कशास्त्र स्वीकारले. त्यांच्या मते शील म्हणजे मनात रुजलेली अशी अवस्था, जिच्यातून कृती सहज घडते. एकदा दान दिल्याने कोणी उदार होत नाही. नमाज, रोजा, जकात यांची पुनरावृत्ती हा सराव घडवते, आणि परलोकातील जाब कोणी पाहत नसतानाही मनाला आवरतो.

तेव्हा मुलाने "हे चूक का?" असे विचारले, तर त्याला गप्प करू नये, कारण सांगावे. आणि नाडलेल्या माणसासाठी शेजारी एकत्र येत असतील, तर बोलावणारा कोणत्या धर्माचा आहे हे न विचारता आपण जावे. ही प्रेषितांचीच (स.) रीत आहे.