आत्मा इंजिनात असतो का?



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या २२ व्या श्लोकावर. जुने कपडे टाकून माणूस नवे घालतो, तसा आत्मा जीर्ण शरीर सोडून नवं घेतो, हा तो श्लोक. आपण तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी दहाव्याला ऐकतो. मी गेल्या आठवड्यात तो एका गॅरेजमध्ये, हाताला ग्रीस लागलेलं असताना, स्वतःच्या सोयीसाठी वापरला.

झालं असं. गावी आमच्या शेजारच्या आजींच्या गोठ्यात १९८६ ची एक बुलेट पडून होती, आजोबांची. जुनं कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. आजोबा गेल्यापासून तिला कुणी किक मारली नव्हती. माझ्या डोक्यात वर्षभर बॉबर बनवायचं खूळ. नवी फ्रेम, जाड टायर, एकच सीट, आणि मधे हे ३४६ सीसीचं इंजिन. तसं आता बनत नाही.

आजींनी भंगारवाल्याने सांगितलेला भाव सांगितला, मी थोडे जास्तच दिले. गाडी टेम्पोत चढवताना त्यांनी विचारलं, "ह्यांची गाडी परत चालंल ना रे बाळा?"

मी म्हणालो, "हो आजी. परत तोच आवाज येईल बघा."

आता बघा, यात खोटं काय? आवाज येणारच होता. फक्त टाकी, मडगार्ड, फ्रेम हे सगळं भंगारात जाणार होतं, ते मी बोललो नाही.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी फ्रेम ठोकून बघितली आणि म्हणाले, "फ्रेम खणखणीत आहे की. कशाला तोडताय?" तेव्हा मी ऐटीत हा श्लोक सांगितला. म्हटलं, इंजिन म्हणजे आत्मा, बाकी सगळे कपडे. मिस्त्री हसले आणि प्लग काढून त्या भोकातून डिझेल ओतायला लागले, कारण आत्मा जाम झाला होता. 😅

चार दिवस डिझेल मुरल्यावर पिस्टन हलला. हेड उघडलं तर आत पाणी गेलेलं, रिंगा गंजून बोअरला धरलेल्या. आता बोअर लेथवर जाणार, पिस्टन नवा, रिंगा नव्या, मोठ्या एंडचं बुश नवं, व्हॉल्व्हही बहुतेक नवे. त्या रात्री रोजच्या वाचनात पुढचा, २३ वा श्लोक आला. त्याला शस्त्र कापत नाही, अग्नी जाळत नाही, पाणी भिजवत नाही, वारा सुकवत नाही. आणि माझा 'आत्मा' चार पावसाळ्यांतच भिजून गंजला होता! इंजिनही कपडाच की. फार तर जरा जाड. (आरटीओलाही माझं तत्त्वज्ञान मान्य नाही बरं का. आरसी बुकात इंजिन नंबर आणि चेसिस नंबर दोन्ही असतात, आणि असे बदल करायचे तर आधी परवानगी लागते.)

पण मला टोचलं ते वेगळंच. अर्जुनाने धनुष्य खाली टाकलं होतं, त्याला उभं करायला भगवंतांनी हे सांगितलं. मी त्याच शब्दांचा आधार घेऊन माझा दिलेला शब्द खाली टाकत होतो.

द्रोणपर्वात युधिष्ठिर अश्वत्थामा मेला असं मोठ्याने म्हणतो आणि हत्तीचं नाव पुटपुटतो. हत्ती खरंच मेलेला होता, म्हणजे वाक्य खरंच. तरी त्याचा रथ, जो तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, त्या क्षणी खाली टेकला. एवढ्या मोठ्या युद्धात व्यासांनी ती चार बोटं मोजून ठेवलीत. लहानपणी मला ही गोष्ट जरा जाचक वाटायची. एवढ्याशासाठी काय?

परवा आजींना फोन केला. सगळं सांगितलं, फ्रेम चांगली आहे हेसुद्धा. पैसे परत नकोत, गाडी तशीच आणून देतो, म्हणालो. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दसऱ्याला हळदकुंकू मी टाकीला लावायची. इंजिन मला काय ठाऊक रे?"

मी हे ऐकलं आणि गॅरेजमध्ये जाऊन टाकी पुसून बघितली. डाव्या बाजूला, बॅजच्या खाचेत, अजून लाल आहे.

किक मारायच्या आधी आजोबा अँपिअरचा काटा मधे आणायचे, डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन हळूच पुढे सरकवायचे, आणि मग पूर्ण अंग टाकायचे. आजी दारात उभ्या असायच्या. त्यांनी तो आवाज ऐकला असेलच. पण आठवणीत ठेवली ती टाकी.

तरी आजींनी गाडी परत मागितलेली नाही. "तूच ठरीव," म्हणाल्या, आणि खरं सांगू, त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. बॉबरची फ्रेम बुक केली आहे, आगाऊ रक्कम दिली आहे, आणि ती अजूनही मला हवी आहे. कागद अजून आजोबांच्या नावावर आहेत. वारस म्हणून आधी आजींच्या नावावर होतील, मग माझ्या. म्हणजे सहीला शनिवारी त्यांच्यासमोर बसायचंच आहे.

आज सकाळी मिस्त्रींचा फोन आला. जागा अडते आहे, जुनी फ्रेम भंगारात देऊ का? शनिवारपर्यंत ठेवा म्हटलं, भाडं देतो.