मे महिन्यात शिष्यवृत्ती मागतोस?

बस. मोबाइल बाजूला ठेव. लंडनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय, एक वर्षाची मास्टर्स, सप्टेंबरात वर्ग सुरू. ऐकलं मी. आणि आता, मे महिना संपत आला असताना, तू मला म्हणतोस, "मॅडम, एखादी शिष्यवृत्ती सुचवा ना."

कुठली सुचवू? ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग ऑगस्टमध्ये उघडते. तू ज्या सप्टेंबरात निघालास, त्या सप्टेंबरसाठीचे अर्ज गेल्या दिवाळीच्या सुमारासच बंद झाले. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडनला वेगळा अर्ज नसतो, पण प्रवेशाचा अर्जच डिसेंबर-जानेवारीच्या मुदतीत पोचावा लागतो, तरच नाव विचारात घेतात. जिनिव्हाची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट १९२७ सालापासून हाच विषय शिकवते आहे. तिथे आर्थिक मदत प्रवेश अर्जाबरोबरच मागावी लागते. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडसमधल्या बहुतेक अभ्यासक्रमांची मुदत जानेवारीच्या आसपास संपते. हे सगळं त्यांच्या संकेतस्थळांवर उघडपणे लिहिलेलं आहे. तू मात्र आधी प्रवेश घेतलास आणि मग पैशांचा विचार सुरू केलास. तुझ्याआधी कितीतरी मुलांनी हेच केलं. दरवर्षी सांगून माझा घसा बसतो, म्हणून या वेळी नीट कान उघडून ऐक.

तुला करार, तह, ठराव यांचा अभ्यास करायचा आहे. ज्या विषयात एका कलमातल्या एका शब्दावरून देशादेशांत वर्षानुवर्षं वाद चालतात, तो विषय तू निवडलास. आणि स्वतःच्या भवितव्याची नियमावली तुला वाचवली नाही? यूट्यूबवर कुणीतरी "शंभर टक्के मोफत शिक्षण" म्हणाला आणि तू तेवढ्यावर थांबलास?

चेव्हनिंगला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षांचं काम. तो नुसत्या पगारी नोकरीचाच असावा असं नाही. अर्धवेळ काम, इंटर्नशिप, स्वयंसेवी काम हेसुद्धा धरतात. बी.ए. झाल्यावर तू दोन वर्षं पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पाठ केलीस. त्याच काळात आठवड्याचे चार दिवस एखाद्या वर्तमानपत्रात किंवा स्थलांतरित मजुरांसाठी काम करणाऱ्या संस्थेत बसला असतास, तर आज तुझ्याकडे दाखवायला काही असतं. अमेरिकेत शिकण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपला तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, शिवाय कुठल्या शाखांना ती मिळते याची यादी असते. ती यादी अर्ज करण्याआधी बघायची. फ्रान्स सरकारच्या आयफेल शिष्यवृत्तीला तुला थेट अर्जच करता येत नाही, तिथलं विद्यापीठ तुझं नाव पाठवतं. मास्टर्ससाठी वयाची अट पंचविशीपर्यंतची, आणि त्यातून विद्यापीठाची फी भागत नाही. तुझं वय आता किती? बघ, एक दार तू नियम न वाचताच गमावलंस.

उरलेल्यांचं ऐक. फेलिक्स शिष्यवृत्ती सोअस, ऑक्सफर्ड आणि रेडिंग या विद्यापीठांत मिळते, आणि ती मुख्यतः भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे, त्यातही गरजूंसाठी. तुझ्यासारख्याच मुलाला डोळ्यांसमोर ठेवून कुणीतरी पैसा बाजूला काढला, आणि तू तिचं नावही ऐकलेलं नाहीस. इनलॅक्स तिशीच्या आतल्यांना, नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर मदत करते. इरास्मस मुंडसमध्ये सुरक्षा आणि सामरिक अभ्यासाचा एक अभ्यासक्रम आहे. ग्लासगो, डब्लिन, त्रेंतो आणि प्राग इथली विद्यापीठं मिळून तो चालवतात. मुंडसची शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ होते आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात, जास्तीत जास्त चोवीस महिने. तुझ्या लंडनच्या एका वर्षाच्या खर्चासमोर हे मांडून बघ.

राज्याच्या योजनांकडे तर तुम्ही पाहतच नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागांची. मराठा-कुणबी, इतर मागास, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. विद्यापीठाचा जागतिक क्रम, उत्पन्नाची मर्यादा, वय या अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून गेल्या वर्षीच्या सीनियरला विचारून भागत नाही, त्या वर्षीचा शासन निर्णय स्वतः वाचावा लागतो. जात वैधता प्रमाणपत्र आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हे दोन कागद हाती पडायला किती चपला झिजतात, हे शहरातल्या मुलांना ठाऊक नसेल, तुला ठाऊक आहे. तरी तू ते काम शेवटच्या आठवड्यावर टाकतोस!

केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जागांची. तिच्या २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. भारताबद्दल बाहेर जाऊन शिकू इच्छिणाऱ्या दलित आणि भटक्या-विमुक्त मुलांवर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण तुझ्या मैत्रिणीने भारतावरचाच विषय लिहून अर्ज भरायला घेतला होता, कारण तिने नियमावलीच उघडली नव्हती. चुकीच्या नियमाशी भांडायचं तरी तो आधी वाचलेला असावा लागतो.

आता तुझा निबंध. वाचला मी. "लहानपणापासून मला जगाविषयी कुतूहल होतं." पुढे कौटिल्याचं मंडल, मग किसिंजर, मग भारत विश्वगुरू होणार. पैसे देऊन एजंटाकडून लिहून घेतलास की यंत्राकडून, मला फरक पडत नाही. त्यात तू कुठेच नाहीस.

तू निफाड तालुक्यातला ना? लासलगावची बाजारसमिती तुझ्या घरापासून किती लांब? २९ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली. त्याच आठवड्यात बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. उद्योजकांच्या सभेत त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी माझ्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय. ढाक्यातल्या भावाचा भडका, दिल्लीतल्या ग्राहकाची भीती, आणि लासलगावात तुझ्या वडिलांच्या ट्रॅक्टरसमोर पडलेली बोली हे एकाच निर्णयाने बांधलेलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली, ती मे २०२४ पर्यंत टिकली. या दोन्ही वेळी तू तिथे होतास. भाव कसा कोसळला, कोणाच्या कांदाचाळीत माल सडला, शेजारी देशाने दुसरीकडून कांदा आणायला कशी सुरुवात केली, शेजाऱ्याचा विश्वास गमावणं म्हणजे नेमकं काय, हे तू बघितलंस. लंडनमध्ये जन्मलेल्या किती मुलांना हे सांगता येईल? आणि तू हे सगळं सोडून किसिंजर लिहितोस!

कोकणातल्या मुलाने हापूसबद्दल लिहावं. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणाने भारतीय आंबा बंद केला आणि जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवली. मधल्या महिन्यांत काय बोलणी झाली, कोणती प्रक्रिया सक्तीची झाली, लहान बागायतदाराला ती परवडली का? हा मुत्सद्देगिरीचाच अभ्यास आहे. चेव्हनिंगच्या मुलाखतीत समोरचा माणूस असंच काहीतरी खोदून विचारतो. एजंटाचा निबंध तिथे तुझ्या बाजूने एक वाक्य बोलणार नाही.

परत यायच्या अटीचंही सांगते, कारण तुमच्यातले काही जण ती चुकवायची कशी हे आधीच विचारतात. चेव्हनिंग घेतलीस तर अभ्यास संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहणं बंधनकारक आहे. बाबासाहेबांनी १९१३ मध्ये बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेताना दहा वर्षं सेवा करण्याचा करार केला होता. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. तो करार पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्याला गेले, आणि तिथे त्यांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही. तरी गेले ते. तुला तर कुणी घराबाहेर काढणार नाही.

के. आर. नारायणन यांच्याबद्दलही माहीत करून घे. केरळातल्या उझवूरच्या गरीब दलित घरातला मुलगा. मुंबईत पत्रकारिता केली, जे. एन. टाटा एंडाउमेंटची मदत मिळवली आणि १९४५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लास्कींसमोर जाऊन बसला. १९४९ मध्ये परराष्ट्र सेवा, १९७६ मध्ये चीनमध्ये राजदूत, १९९७ मध्ये राष्ट्रपती. ती एंडाउमेंट १८९२ पासून मुंबईत आहे आणि आजही अर्ज घेते. ती मदत कर्जाच्या रूपात असते, परत करावी लागते, हे वाचूनच अर्ज कर. आणि मुलाखतीत विचारलं तर नीट सांग, की परदेशी पदवी म्हणजे परराष्ट्र सेवेचं दार नव्हे. ते दार संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतूनच उघडतं.

वडील सातबारा घेऊन बँकेत जाणार आहेत म्हणालास. त्यांना थांबव. जमीन तारण ठेवून एका वर्षाची पदवी घ्यायची आणि मग हप्ते फेडायला मिळेल ती नोकरी धरायची, त्यात तुझा विषय पहिल्याच वर्षी सुटेल. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का, हे विद्यापीठाला आज लिहून विचार. नाही म्हणाले तर पुन्हा अर्ज कर. एकदा प्रवेश मिळालाय, पुन्हाही मिळेल, तेवढी कुवत तुझ्यात आहे. ती नसती तर मी इतकी बोललेच नसते. मधल्या वर्षात काम धर, बांगलादेश वाच, तिथल्या वर्तमानपत्रांची इंग्रजी पानं रोज वाच.

आणि शिफारसपत्र. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर "मॅडम, उद्या शेवटची तारीख" असा निरोप आला तर मी उत्तर देणार नाही. तू लिहून आणलेल्या मजकुराखाली सही करणार नाही. कोणत्या शिष्यवृत्तीला अर्ज करतोस, तिची नियमावली छापून, खुणा करून आण. निबंधाचा मसुदा आण, तुझ्या हातचा, चुका असल्या तरी चालतील. लासलगावच्या दोन व्यापाऱ्यांशी आणि चार शेतकऱ्यांशी बोलून केलेली टिपणं आण. पत्र विचार करून लिहायला मला वेळ लागतो. पुढच्या महिन्यात कॉलेज उघडलं की पहिल्या सोमवारी दुपारी मी वाचनालयात असेन.