काळोखी कथा आणि निर्वेद

ज्या कथेत सुटकेची वाट नाही आणि जिच्यातील माणूस वाचकाच्या डोळ्यांदेखत आतून पोखरला जातो, अशी कथा आवडीने वाचल्याने चित्त मलिन होते की निवळते, हा प्रश्न जपानी लाइट नॉव्हेलच्या संदर्भात नव्याने विचारता येतो. लाइट नॉव्हेल म्हणजे मुख्यतः तरुणांसाठी लिहिलेली, मांगा या जपानी चित्रकथांच्या धर्तीची चित्रे अधूनमधून असलेली, छोट्या आकाराची कादंबरी होय. प्रश्न मात्र जुनाच आहे, आणि ज्या हातकणंगले तालुक्यात कुंभोजजवळ बाहुबलीचे जैन तीर्थ आहे, तेथे त्याचा विचार करण्यासाठी लागणारी परिभाषा फार दूर शोधावी लागत नाही.

'तत्त्वार्थसूत्रा'त ध्यानाचे आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी रौद्रध्यान म्हणजे हिंसा, असत्य, चोरी आणि विषयांची राखण यांत रमलेले चित्त. तर धर्म्यध्यानाचा जो अपायविचय नावाचा भेद आहे, त्यात जीव सन्मार्गापासून कसे ढळतात याचेच चिंतन असते. म्हणजे क्रौर्याचे तेच दृश्य दोन्ही ध्यानांचा विषय होऊ शकते, आणि केवळ विषयावरून कथेचा निवाडा करणाऱ्यांना या शास्त्राचा आधार मिळत नाही.

शिवार्यांच्या 'भगवती आराधना' या प्राकृत ग्रंथातील विवेचन याहून सूक्ष्म आहे. तेथे धर्मकथेचे चार प्रकार येतात: स्वमताची ओढ लावणारी आक्षेपणी, परमत मांडून त्याचे खंडन करणारी विक्षेपणी, धर्माविषयी उत्साह वाढवणारी संवेजनी आणि संसाराविषयी विरक्ती उपजवणारी निर्वेदनी. सल्लेखना घेतलेल्या, म्हणजे आहार क्रमाने सोडून मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या साधकाला, ज्याला क्षपक म्हणतात, विक्षेपणी कथा सांगू नये असा तेथे निर्बंध आहे, कारण परमताची मांडणी ऐकत असतानाच, खंडनापर्यंत पोहोचण्यापूर्वी, त्याचे आयुष्य संपले तर त्याचे चित्त संशयातच अडकून राहील. कथा त्याज्य ठरत नाही. ऐकणाऱ्याच्या अवस्थेला ती झेपणार नाही, एवढेच म्हटले आहे. साहित्याच्या नीतीविषयी इतका दयार्द्र विचार क्वचितच आढळतो.

मराठीत या विचाराची खरी कसोटी जी. ए. कुलकर्णी (1923–1987) यांच्या कथांपाशी लागते. 'पिंगळावेळ' (1977) या संग्रहातील 'स्वामी' या कथेत एका प्रवाशाला मठात नेऊन जमिनीखाली कोंडले जाते आणि तेथेच त्याला स्वामी म्हणून पूजले जाते. त्याला अन्न मिळते, मान मिळतो, पण बाहेर पडण्याचा मार्ग कायमचा बंद असतो, आणि त्या अंधारात रुजलेली एक वेलच तेवढी वर, उजेडाकडे जाते. येथे बंदिवासाचे साधन धर्मच आहे, ही गोष्ट श्रद्धावान वाचकाला बोचते आणि ती बोचलीच पाहिजे. अशा वाचनातून आनंदच मिळतो असे म्हणणे ओढूनताणून होईल. सर्व रस आनंदरूप मानणाऱ्या अभिनवगुप्तांपेक्षा, करुण, रौद्र, बीभत्स आणि भयानक हे रस दुःखात्मक ठरवणारे 'नाट्यदर्पण'कार रामचंद्र-गुणचंद्र, जे हेमचंद्रांचे शिष्य आणि जैन होते, येथे अधिक जवळचे वाटतात. 'स्वामी' वाचून जे उरते ते निर्वेदाच्या जातीचे आहे, मात्र त्यापुढे मोक्षमार्ग आखून दिलेला नाही. शास्त्रातील निर्वेदनी कथेला जो पुढचा रस्ता असतो, तो आधुनिक लेखक देत नाही.

मग त्या अंधारात वाचकाला सोबत कोणाची? हातकणंगल्यात 1927 मध्ये जन्मलेले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे आणि 2008 च्या सांगलीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले समीक्षक म. द. हातकणंगलेकर हे जी. एं.चे स्नेही होते, आणि पुढे जी. एं.च्या पत्रांच्या संपादनातही त्यांचा वाटा होता. समीक्षेचे हे काम केवळ गुणदोष सांगण्याचे नाही. वाचक कथेच्या मध्यावर एकटा पडू नये याची काळजी त्यात असते.

मिझुकी नोमुरा यांच्या 'बुंगाकु शोजो' या लाइट नॉव्हेल मालिकेच्या पहिल्या भागात (2006) हीच काळजी कथानकाचा गाभा बनते. त्यातील एक पात्र ओसामु दाझाई यांच्या 'निन्गेन शिक्काकु' (1948) या आत्मविनाशाच्या कादंबरीत स्वतःलाच पाहू लागते, आणि जगण्याची इच्छा सोडून देण्याच्या काठावर येते. कथेची पाने खाऊन जगणारी नायिका तोको अमानो त्याला ते पुस्तक टाकून द्यायला सांगत नाही; दाझाईंनी याखेरीज कितीतरी लिहिले आहे, त्यात हसू आहे, माया आहे, ते सगळे वाचून होईपर्यंत मरायचे नाही, असे ती त्याला काकुळतीने सांगत राहते.