खेळावर पोट भरावे काय?

गेल्या महिन्यात न्यू जर्सीत एका परिचितांच्या घरी आम्ही जेवावयास गेलो होतो. जेवणे आटोपल्यावर यजमानांनी आपल्या चोवीस वर्षांच्या मुलाला आमच्यासमोर बसविले आणि म्हणाले, "सर, आता तुम्हीच ह्याला दोन शब्द सांगा. चांगली नोकरी सोडून हा मुलांना क्रिकेट शिकविण्याचा वर्ग काढतो म्हणतो!" मुलगा खाली मान घालून बसला. आम्हीही त्या रात्री काही बोललो नाही. सारी हयात वर्गात बोलण्यात गेलेल्या माणसाला गप्प बसणे जड जाते, पण त्याला कारण होते.

हाच प्रश्न पूर्वी एकदा आमच्यापुढे आला होता आणि त्याचे उत्तर आम्ही फार घाईने दिले होते. मुंबईत शिक्षक असताना आमच्या वर्गात एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता. गणितात तो मागे पडू लागला, तेव्हा वडिलांना शाळेत बोलावून आम्ही सांगितले, "खेळाने पोट भरत नाही. ह्याचा नाद सोडवा." वडिलांनी आमचा शब्द मानला आणि मुलाचे मैदान सुटले. पुढे तो शिकला, नोकरीला लागला, संसारात रमला. पुष्कळ वर्षांनी एका लग्नात भेटला आणि हसत म्हणाला, "सर, तुमचे म्हणणे खोटे नव्हते. पण तुम्ही मला एकदा विचारायला हवे होते." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

वास्तविक त्या काळच्या मुंबईत खेळ आणि भाकरी यांचे इतके वाकडे नव्हते. बँका आणि कंपन्या चांगल्या खेळाडूंना नोकऱ्या देत असत. 1971 साली ज्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडिज व इंग्लंड या दोघांनाही त्यांच्याच देशात हरविले, ते अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरीस होते. खेळामुळे नोकरी मिळे आणि नोकरीमुळे खेळ चाले. अमेरिकेत मात्र तशी सोय नाही. येथे गोलंदाजी चांगली म्हणून कोणी कचेरीत खुर्ची देत नाही. आवड आणि भाकरी यांची सांगड ज्याची त्यानेच घालावयाची असते.

अशी सांगड घालणाऱ्यांत सौरभ नेत्रावळकर हे नाव आता घरोघरी झाले आहे. हा मुंबईचा मुलगा 2010 साली भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला. संगणक अभियांत्रिकीची पदवी हाती आल्यावर लगेच नोकरी न धरता त्याने दोन वर्षे क्रिकेटला दिली. मुंबईकडून रणजी करंडकाचा एकच सामना वाट्याला आला. तेव्हा 2015 साली पुढील शिक्षणासाठी तो कॉर्नेल विद्यापीठात आला आणि शिक्षण संपवून ओरॅकल कंपनीत लागला. त्या वेळी अमेरिकेत क्रिकेटवर कोणाची चूल पेटेल अशी व्यावसायिक स्पर्धाच नव्हती. मेजर लीग क्रिकेट सुरू झाली ती 2023 साली. तरीही तो सुटीच्या दिवशी खेळत राहिला. चांगली खेळपट्टी मिळावी म्हणून सॅन फ्रान्सिस्कोहून सहा-सहा तास मोटार हाकीत लॉस एंजलिसला जात असे.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. 6 जून 2024 रोजी डॅलसजवळच्या मैदानावर अमेरिका आणि पाकिस्तान यांची बरोबरी झाली. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेने अठरा धावा केल्या आणि शेवटचे षटक नेत्रावळकरच्या हाती आले. पाकिस्तानला तेराच धावा करता आल्या. त्याच सुमारास हा मुलगा सामना संपल्यावर हॉटेलात बसून कंपनीचे कामही करतो, अशी बातमी आली आणि आमच्या वयाच्या सर्व आईबापांना मोठा आनंद झाला. "पाहिलेस? त्याने नोकरी सोडली नाही!" हे वाक्य त्या उन्हाळ्यात किती घरांत उच्चारले गेले असेल!

परंतु वाचकहो, आपण वडीलधारी माणसे ह्या गोष्टीचा सोयीचा तेवढाच भाग सांगतो. पदवीनंतरची ती दोन वर्षे आपण वगळतो. तरुण मंडळी शेवटचे षटक तेवढे पाहतात. रिकाम्या हाताने परतावे लागले तो दिवस ती वगळतात. आम्हाला मात्र मधल्या वर्षांचे मोल अधिक वाटते. ज्या खेळाने निराश केले त्याचा त्याने तिरस्कार केला नाही, आणि परतफेडीची आशा नसताना त्याच्यासाठी आपल्या कमाईतला पैसा व आपल्या विश्रांतीचा वेळ खर्चिला. आवडीची किंमत त्याने स्वतः मोजली. ती बायकोच्या पगारातून किंवा म्हाताऱ्या बापाच्या पुंजीतून मोजून घेणे आणि मग स्वतःला 'स्वकष्टार्जित' म्हणविणे, हे आम्हाला न्यायाचे वाटत नाही. घरच्यांनी आनंदाने भार उचलला तर तो जरूर घ्यावा, पण ते ऋण आहे हे विसरू नये.

आणि सर्वांनाच ते शेवटचे षटक मिळत नाही, हेही खरे. म्हणून काय त्यांची आवड वाया गेली? आपल्या समाजातील ज्युडा रूबेन ह्यांनी 1969 ते 1977 ह्या काळात दहा कसोटी सामन्यांत पंच म्हणून काम पाहिले. खेळाच्या अंगणात फलंदाज-गोलंदाजांखेरीज इतरांनाही मानाची जागा असते. मुलांना शिकविणे ही तर, आम्ही शिक्षक असल्यामुळे म्हणतो असे नाही, फार चांगली जागा आहे.

असो. परवा आम्ही त्या मुलाला फोन केला. उपदेश केला नाही, तीन प्रश्न विचारले. वर्गाला मुले मिळाली नाहीत तर स्वतःच्या शिलकीवर किती महिने काढशील? ज्याला कधीच खेळता येणार नाही असा मुलगा फी भरून आला, तर त्याच्या बापाला खरे सांगशील काय? आणि हे सारे फसले, तर रविवारी बॅट हातात घेशील काय?

पहिल्याचे उत्तर त्याच्यापाशी तयार होते: चौदा महिने. दुसऱ्यावर तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "खरे सांगेन, पण त्याला येऊ नको म्हणणार नाही." तिसऱ्याला तो नुसता हसला.

आम्ही त्याला होय किंवा नाही काहीच सांगितले नाही. वडिलांना मात्र कळविले, की आम्ही मुलाला विचारले आहे, आता तुम्हीही एकदा विचारा.