भेगेचा हिशेब

शिरूर-दौंड भागात भीमा आणि घोड नदीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. उथळ पायाच्या जुन्या भिंतींना त्यामुळे भेगा पडतात. जुने घर घेऊन, दुरुस्त करून विकणाऱ्याच्या अंदाजपत्रकात रंग, फरशी, नळकाम असते. पाया उकरून पाहण्याचा खर्च बहुधा नसतो.

मग पुट्टीने बुजवलेली भेग हे असत्य आहे का?

1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55 विकणाऱ्याला ठाऊक असलेला, साध्या तपासणीत न सापडणारा मोठा दोष उघड करायला लावते. जैन अणुव्रतांत गृहस्थाला सत्य आणि अचौर्य दोन्ही पाळायची असतात. दडवलेल्या भेगेत दोन्ही मोडतात. ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणता यावे म्हणून पायाच न उकरणे, हेही तितकेच दोषास्पद.

पाहणीचा खर्च अंदाजपत्रकात सर्वांत आधी मांडावा आणि घेणाऱ्याला ते अंदाजपत्रक दाखवावे.