मातीच तशी?

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेताना आपण माती आहोत आणि मातीलाच मिळणार आहोत, याची आठवण आपल्याला दरवर्षी करून दिली जाते. पण कोणती माती? लाल, काळी, पिवळी की राखाडी? प्रश्न बालिश वाटेल. तरी आम्हांला तो विचारावासा वाटतो. कारण एखाद्या घरातला मुलगा दारूच्या नादी लागला, की मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपणच म्हणतो, ‘त्या घराची मातीच तशी!’

मातीला रंग येतो कुठून, ते आधी पाहू. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या कातळावर वसला आहे. याच कातळाचा महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभा दगड आणि लाल माती झाली. सोलापूरकडे काळी माती झाली. आईबाप एकच, फरक केला तो मुख्यतः पावसाने. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. विरघळण्यासारखे होते ते सारे वाहून गेले, लोह मागे उरले आणि हवेशी संयोग होऊन तांबडे झाले. सोलापूरला सरासरी आठशे मिलिमीटरसुद्धा पडत नाही. तिथे चुना आणि क्षार जागीच राहिले व चिकण माती तयार झाली. तिचा काळा रंग पाहून ती खताने भरलेली असेल असे वाटते, पण तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याहूनही कमी असतो. थोडासाच कुजका अंश चिकण कणांना घट्ट बिलगतो आणि सारी माती काळी दिसते. रंगावरून कस ठरवणारा इथे फसतो. (लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द अजूनही घालणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.)

प्रभू येशूने पेरणाऱ्याच्या दाखल्यात चार प्रकारची जमीन सांगितली, पण एकीचाही रंग सांगितला नाही. वाटेवरची माती तेवढी आठवून पाहा. ती कडक का झाली? येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवली म्हणून. त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांत आपणही असू.

यावर कोणी म्हणेल, माणूस म्हणजे माती नव्हे. ते खरेच आहे. मातीला ‘नाही’ म्हणता येत नाही, माणसाला येते. दारू पिऊन घर उद्ध्वस्त करणाऱ्याला ‘तुझा काहीच दोष नाही’ असे सांगितले, तर त्याच्या हातचा मार खाणाऱ्या बायकोला आपण काय सांगणार? ख्रिस्तसभेने हा प्रश्न टाळलेला नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या १७३५ व्या परिच्छेदात असे सांगितले आहे, की अज्ञान, भीती, जबरदस्ती, सवय अशा कारणांनी कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, प्रसंगी ती उरतही नाही. कृत्य चूक ते चूकच. त्या बाईला आसरा द्यायचा तो आजच द्यायला हवा. पण कोणाच्या पदरी किती दोष, हे तोलण्याचा काटा आपल्या हाती दिलेला नाही. दोष मोजता येत नसला, तरी कोंडमारा मात्र दिसतो. ‘मातीच तशी’ म्हणणाऱ्या आपल्यापैकी कितीजण गेल्या वर्षभरात त्या घराची पायरी चढले?

कोंडलेल्या मातीचे काय होते, हे आपल्या भातशेतकऱ्यांना ठाऊक आहे. शेतात पाणी तुंबले की हवा आत शिरत नाही. मातीतले जिवाणू लोहाशी जोडलेला प्राणवायू वापरून टाकतात. तांबडेपणा जातो आणि चिखल निळसर-राखाडी पडतो, त्याला वासही येतो. ती माती नासली असे वाटते. पण पुढच्या पावसाळ्यात भाताचे एखादे रोप हलकेच उपटून पाहा. मुळांवर गंजासारखा तांबूस थर दिसेल. भाताचे रोप वरची हवा आपल्या आतून मुळांपर्यंत नेते आणि त्यातली थोडी भोवतालच्या चिखलात सोडते. जेवढ्या चिखलाला ती हवा लागते, तेवढा चिखल पुन्हा तांबडा होतो.